डार्टमूरचं उघडं रान

इंग्लंडमधलं एक्सेटर शहर सोडून पश्चिमेला निघालं की रस्ता बराच वेळ उंच बांधांमधून जातो. डेव्हनचे हे बांध दगडमातीचे, आणि त्यांवर हेझलची झुडपं, काटेरी वेली, नेचे यांची इतकी दाटी की पलीकडचं शेत दिसत नाही. मग चढ लागतो. एका ठिकाणी रस्त्याच्या रुंदीभर आडवे लोखंडी गज बसवलेले असतात. गाडी त्यांवरून खडखडत जाते आणि बांध एकदम संपतात. हे गज जनावरांसाठी आहेत. खूर अडकेल या भीतीने गाई, मेंढ्या, घोडी ते ओलांडत नाहीत. गजांच्या अलीकडे शेती आणि पलीकडे मूर, म्हणजे उघडं रान, अशी ही हद्द आहे.

पलीकडे गेल्यावर सगळ्यांत आधी जाणवतं ते झाडांचं नसणं. पिंगट गवताचे आणि काळपट जांभळ्या झुडपांचे उतार एकामागून एक पसरलेले असतात आणि बहुतेक टेकड्यांच्या माथ्यावर उघड्या खडकांचा ढिगारा दिसतो. हे ढिगारे म्हणजे टॉर. डार्टमूरवर असे दीडशेहून जास्त टॉर आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. सर्वांत उंच माथा हाय विलहेजचा, ६२१ मीटर. सिंहगडाच्या निम्मासुद्धा नाही. पण पन्नास अंशांच्याही उत्तरेला, अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर सहाशे मीटर म्हणजे काय, ते इथल्या एका ढगाळ दुपारीच कळतं. ऐन उन्हाळ्यातही माथ्यावर कानटोपी काढवत नाही.

इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या या ९५४ चौरस किलोमीटरच्या प्रदेशाला १९५१ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वस्ती नाही, चराई नाही, वनखात्याचं फाटक, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. इथे तसं काही नाही. उद्यानात गावं आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत, आणि जमीन बहुतांशी खाजगी मालकीची आहे. मधल्या उंच भागाचा मोठा हिस्सा डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या इस्टेटीचा आहे. ही इस्टेट १३३७ साली स्थापन झाली. एवढं असूनही येणारा प्रत्येक जण या जागेचं वर्णन करताना ‘अस्पर्श’ हा शब्द वापरतो. इथे जसजशी हिंडत गेले तसतसा मला तो शब्द खटकू लागला. डार्टमूरसारखा माणसाने, जनावरांनी आणि पावसाने मिळून घडवलेला मुलूख मी फार थोडा पाहिला आहे, आणि त्याचं सगळं मोल त्या घडणीतच आहे असं माझं मत झालं आहे.

सुरुवात खडकापासून करायला हवी. हेटॉर हा पूर्वेकडचा सर्वांत प्रसिद्ध टॉर, उंची ४५७ मीटर. वाहनतळापासून गवतातून थोडं चढलं की दोन प्रचंड शिळासमूह समोर येतात. स्वच्छ हवेत इथून टीन नदीची खाडी आणि समुद्र दिसतो. पण मी बराच वेळ खडकच पाहत बसले. अगदी जवळून पाहिलं तर त्यात पांढरट, चौकोनी स्फटिक रुतलेले दिसतात. काही तर बोटाच्या पेराएवढे. हे फेल्डस्पार. त्यांच्या मधल्या जागेत करड्या काचेसारखी गारगोटी आणि काळ्या अभ्रकाच्या टिकल्या. एवढे मोठे स्फटिक तयार व्हायला शिलारस फार सावकाश निवावा लागतो, आणि तो तसा निवला. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल. हाच ग्रॅनाइट पुढे कॉर्नवॉलखालून समुद्रातल्या सिली बेटांपर्यंत जातो. मधेमधे तो डोकं वर काढतो, आणि त्यातलं सर्वांत मोठं डोकं म्हणजे डार्टमूर.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक पसरले, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या आहेत, कडे आहेत, माथ्यावर सपाट पठारं आहेत. ग्रॅनाइट तसा झिजत नाही. तो निवताना आणि वरचं ओझं हटल्यावर पसरताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात. हवा उष्ण आणि दमट होती त्या काळात भेगांमधून पाणी खोलवर मुरलं, फेल्डस्पार कुजला आणि भेगांलगतचा खडक भुसभुशीत झाला. ज्या भागात भेगा विरळ होत्या तो टिकला. पुढे हिमयुग आलं. मोठ्या हिमस्तराची दक्षिण सीमा डार्टमूरच्या उत्तरेलाच थांबली, पण जमीन गोठत आणि वितळत राहिली. भुसभुशीत भाग चिखल होऊन उतारावरून सरकत गेला आणि टणक गाभे उघडे पडले. लिंटन या भूगोलतज्ज्ञाने १९५५ साली टॉरची उपपत्ती साधारण अशी मांडली. खोल कुजण्याचा वाटा किती आणि थंडीचा किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. हंपी पाहिलेल्या माणसाला या गोलसर रचलेल्या शिळा ओळखीच्या वाटतील, कारण तिथेही ग्रॅनाइट भेगांवरूनच झिजला आहे. थंडीने फोडलेल्या धोंड्यांचे लोट मात्र हंपीत नाहीत. इथे बहुतेक टॉरच्या उतारावर ते पसरलेले आहेत, आणि त्यांना इथली माणसं ‘क्लिटर’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे एका जंगलाचा जीव याच धोंड्यांनी वाचवला आहे.

हेटॉरच्या मागे गवतात ग्रॅनाइटचेच रूळ दिसतात. १८२० साली जॉर्ज टेम्पलर या खाणमालकाने खाणीतला दगड कालव्यापर्यंत न्यायला ही ट्रामवे बांधली. लोखंड महाग होतं आणि ग्रॅनाइट पायाशीच होता, म्हणून दगडांनाच खोबणी पाडून रूळ केले. त्यावरून घोडे गाड्या ओढत. लंडनमध्ये १८३१ साली खुल्या झालेल्या लंडन ब्रिजला हेटॉरचा दगड लागला. पुढे तो पूल विकला गेला आणि आज अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात उभा आहे. खाणीत आता पाणी साठलंय, त्यावर चतुर उडत असतात.

माणसाची इथली कामं याहून कितीतरी जुनी आहेत. ग्रिम्सपाउंड हे ठिकाण दोन टेकड्यांच्या खिंडीत आहे. जाड दगडी तटाच्या आत चोवीस गोल घरांचे पाये. एका घराच्या दाराला अजून दोन्ही बाजूंचे उभे दगड आहेत, वाऱ्याला आडोसा म्हणून वळवलेली छोटी भिंतही आहे. मी त्या दारातून वाकून आत गेले तेव्हा वारा एकदम थांबला. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ज्याने ते दार वळवलं त्याला वाऱ्याची दिशा नेमकी माहीत होती. कॉनन डॉयलने ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मध्ये शेरलॉक होम्सला मूरवरच्या ज्या दगडी झोपडीत लपवलं, तिची कल्पना अशाच घरांवरून त्याला सुचली.

मूरवर अशा गोल घरांचे हजारो अवशेष आहेत. त्याहून विलक्षण आहेत ते ‘रीव्ह’. इसवी सनापूर्वी साधारण १५०० च्या सुमारास इथल्या लोकांनी दगडांचे बुटके बांध घातले. ते मैलोन्‌मैल समांतर जातात, नद्या ओलांडतात, टेकड्या चढतात. अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने आयुष्याची बरीच वर्षं त्यांच्या अभ्यासाला दिली. उन्हं कलली की तिरप्या प्रकाशात हे बांध एकदम उठून दिसतात, आणि मग कळतं की आज जिथे मैलभर एकही माणूस दिसत नाही तो सगळा उतार एकेकाळी वाटून घेतलेली शेतं आणि कुरणं होता. इथे कधीकाळी जंगल होतं. माणसांनी आधी शिकारीसाठी ते जाळलं, मग शेतीसाठी तोडलं. त्यानंतर हवा थंड आणि ओली होत गेली, मातीतला कस धुऊन गेला. इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास लोक उंचावरची वस्ती सोडून खाली उतरले. जनावरं मात्र दर उन्हाळ्यात वर येतच राहिली, म्हणून जंगल परतलं नाही.

त्या रिकाम्या माथ्यावर पाण्याने आपलं काम सुरू केलं. प्रिन्सटाउन गावात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि इथला बारा महिने झिरपत असतो. खाली ग्रॅनाइट, वर आम्ल माती, निचरा नाही, ऊन नाही. मेलेलं गवत आणि शेवाळ पाण्याखाली बुडून राहतं, हवा न मिळाल्याने पुरतं कुजत नाही आणि थरावर थर साचत जातात. हे पीट. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारा हा काळा थर उत्तर आणि दक्षिण डार्टमूरच्या माथ्यांवर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड आहे. डार्ट, टीन, टॉ, टॅव्ही, प्लिम, एव्हन अशा नद्या याच माथ्यांवरून निघतात. प्लिमथ शहराला मूरचं पाणी १५९१ पासून मिळतंय. त्या वर्षी सर फ्रान्सिस ड्रेकच्या देखरेखीखाली मीव्ही नदीचं पाणी पाटाने शहरात नेलं गेलं. पुढे १८९८ मध्ये बरेटरचं धरण झालं. प्लिमथच्या लोकांच्या घागरीत येणारं पाणी आधी या पीटमधून झिरपतं.

दलदलीत उतरायचं तर माहितगार सोबत हवा. प्रिन्सटाउनच्या दक्षिणेकडच्या फॉक्स टॉर मायरवरून डॉयलला त्याच्या कादंबरीतली ग्रिम्पनची दलदल सुचली असं मानतात. काही ठिकाणी पाण्यावर हिरव्या शेवाळाचा जाड पापुद्रा असतो, पाय ठेवला की आजूबाजूची सगळी जमीन थरथरते. मी काठावरच गुडघे टेकले आणि शेवाळाची एक मूठ पिळली. मनगटावरून पाणी धारेने वाहिलं, आणि सोडून दिल्यावर शेवाळ पुन्हा फुगून आलं. हे स्फॅग्नम. आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी ते धरून ठेवतं आणि त्यात जंतू सहज वाढत नाहीत. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा डार्टमूरवरून पोती भरभरून हे शेवाळ गोळा करून जखमांवर बांधायला पाठवत असत.

त्याच शेवाळात लाल केसाळ पानांची एक चिमुकली वनस्पती होती. पानाच्या प्रत्येक केसावर चिकट थेंब, आणि एका पानाने एक चिलट अर्धवट गुंडाळून घेतलेलं. कास पठारावर पावसाळ्यात गेलेल्यांना ही दवबिंदू म्हणून माहीत आहे. इथली जात वेगळी, पण कारण तेच. जमिनीत नत्र नाही, म्हणून किडे पकडायचे. साताऱ्याचं जांभ्याचं पठार आणि डेव्हनचं पीट, दोन्हीकडे पाणी भरपूर आणि कस शून्य. इतक्या दूर तीच युक्ती पाहून मला फार आनंद झाला.

उत्तरेकडे क्रॅनमिअर पूल नावाचा एक खळगा आहे, आता त्यात पाणीही नसतं. १८५४ साली जेम्स पेरॉट या चॅगफर्डच्या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. एवढं अंतर तुडवून येणाऱ्याने आपलं नावाचं कार्ड तीत टाकायचं. त्यातून मूरभर डबे लपवण्याचा आणि शोधण्याचा छंद फोफावला. क्रॅनमिअर लष्कराच्या सरावक्षेत्रात येतं. लाल निशाण फडकत असेल त्या दिवशी तिकडे फिरकायचं नाही. धुक्याचंही तसंच. मूरवर धुकं वरून उतरत नाही, तुम्हीच ढगात असता. वाट चुकवणाऱ्या ‘पिक्सी’ भुतांवर जुने लोक उपाय सांगतात की कोट काढून उलटा घालावा. माझ्या मते होकायंत्र आणि कागदी नकाशा बाळगावा, कारण फोनला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

टू ब्रिजेसपासून वेस्ट डार्ट नदीच्या काठाने दोनेक किलोमीटर चालत गेलं की उघड्या उतारावर एक काळसर हिरवा पट्टा दिसतो. हे विस्टमन्स वुड. एवढ्या उंचीवरची ओकची जुनी राई डार्टमूरवर तीनच ठिकाणी उरली आहे, त्यांतली ही एक. झाडं बुटकी, फांद्या पिळवटलेल्या, कित्येक तर जमिनीवरच लोळण घेतलेल्या. खाली मोठाले धोंडे, धोंड्यांवर शेवाळाची जाड गादी, फांद्यांवर नेचे आणि दगडफुलाच्या लांब करड्या दाढ्या. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातली ही दगडफुलं. त्यांच्या काही जाती ब्रिटनमध्ये अत्यंत दुर्मीळ आहेत. सेल्फी काढणाऱ्यांच्या पायांनी शेवाळ झिजू लागलं, म्हणून आता लोकांनी आत न जाता बाहेरून पाहावं अशी विनंती आहे. मी बाहेरच थांबले. तिथूनही ओल्या सालीचा वास येत होता.

ही राई उरली ती क्लिटरमुळे. धोंड्यांच्या फटींत रुजलेल्या रोपापर्यंत मेंढीचं तोंड पोचत नाही. धोंडे संपतात तिथे झाडं संपतात, अगदी रेघ मारल्यासारखी. या रेघेपाशी उभं राहिलं की मूरचं कोडं सुटतं. इथे झाडं वाढू शकतात. उघडं रान हे हवामानाचं एकट्याचं काम नव्हे, चार हजार वर्षांच्या चराईचं आहे.

मग चराई बंद करावी का? इंग्लंडमध्ये आज यावर कडाक्याचा वाद आहे, आणि मी ऐकलं त्यावरून सोपं उत्तर कुणाकडेच नाही. मूरचा सुमारे ३६,००० हेक्टर भाग सामाईक चराऊ आहे. जमीन एकाची, पण चराईचा वारसाहक्क आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा. त्यांना ‘कॉमनर’ म्हणतात. घोडीसुद्धा रानटी नाहीत. प्रत्येक डार्टमूर पोनीला मालक आहे, आणि दर शरद ऋतूत सगळी घोडी हाकून खाली आणतात, खुणा तपासतात, काही विकतात. हिवाळा सरताना गॉर्सची आणि हेदरची जुनाट झुडपं ठरावीक पट्ट्यांत जाळतात. खोल पीटवर मात्र आता परवान्याशिवाय आग लावता येत नाही. ऑगस्टमध्ये पिवळं गॉर्स आणि जांभळं हेदर एकाच उतारावर एकत्र फुलतं, तो देखावा या राखलेल्या रानाचा आहे. चंडोल, गप्पीदास, तीरचिमण्या याच उघड्या जागेत राहतात. आफ्रिकेतून एप्रिलअखेर येणारी कुकू इथे तीरचिमणीच्या घरट्यात अंडं घालते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांतून तिचा आवाज हरवत चाललाय, मूरवर तो अजून ऐकू येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने दर जनावरामागे अनुदान दिलं, मेंढ्या वाढल्या, हेदर खुडलं गेलं. पुढे नियम बदलले, जनावरं कमी झाली. पण हेदर परतण्याऐवजी मोठ्या भागावर मॉलिनिया हे उंच झुपक्यांचं गवत पसरलं. कोवळं असताना, मे ते जुलैत, गाई-घोडी ते आवडीने खातात. वाळलं की त्याला कुणी तोंड लावत नाही, आणि त्याच्या खाली दुसरं काही उगवत नाही. त्यातून चालणं म्हणजे घोटा मुरगळण्याची हमी. २०२३ च्या सुरुवातीला निसर्गरक्षण खात्याने मेंढ्या आणखी कमी करायला सांगितलं तेव्हा कॉमनर भडकले. सरकारने डेव्हिड फर्स्डन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. त्या डिसेंबरमध्ये आलेल्या तिच्या अहवालात मॉलिनियाचा प्रश्न ठळकपणे आहे, आणि शेतकरी व निसर्गरक्षक यांनी एकत्र बसल्याशिवाय गत्यंतर नाही असा त्याचा रोख आहे.

सामान्य माणसाच्या बाजूनेही मूरवर एक लढाई झाली. १९८५ च्या कायद्याने या सामाईक जमिनींवर पायी आणि घोड्यावरून फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. त्यात तंबू ठोकून रात्र काढणं येतं का, हा वाद एका जमीनमालकाने न्यायालयात नेला. २०२३ मध्ये खालच्या न्यायालयात निकाल लोकांच्या विरोधात गेला, अपिलात तो फिरला, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्क कायम ठेवला. पाठीवर तंबू घेऊन निघालेली शाळकरी मुलं मला मूरवर भेटली तेव्हा त्या निकालाचं महत्त्व पटलं. विकत घेतलेल्या जागेवर नव्हे, गवतात झोपून पाऊस ऐकलेली मुलं पुढे या रानासाठी बोलतील अशी मला खात्री वाटते.

उत्तरेच्या माथ्यांवर पीटला पडलेल्या घळी बुजवण्याचं काम चालू आहे. लाकडाचे आणि पीटच्याच ढेकळांचे छोटे बांध घालतात, पाणी अडतं, त्यात स्फॅग्नम परततं. पीट ओला राहिला की त्यातला कार्बन जमिनीतच राहतो आणि पावसाचं पाणी नद्यांत सावकाश उतरतं. एका बांधाच्या मागच्या डबक्यात नवं शेवाळ धरलेलं मी पाहिलं. बाजूच्याच उतारावर पांढऱ्या पट्ट्याच्या गॅलोवे गाई मॉलिनियात पोटापर्यंत बुडून चरत होत्या. त्या गाई तिथे नेमक्या महिन्यांत, नेमक्या संख्येने चढवायला कॉमनर हवेत, आणि त्यांची पुढची पिढी या कामावर पोट भरू शकेल अशी सोय सरकारला करावी लागेल. बांध घालण्याइतकंच तेही निकडीचं आहे.